खडे पांढरे, पांढरे खडे

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरच्या देवळातून निघते, चुन्याच्या रानात येते आणि तिथून आमराईत मुक्कामाला जाते. चुन्याच्या रानात पोचलेली माणसं वाकतात आणि चुनखडीचे खडे वेचू लागतात. कळंब तालुक्यातलं हे गाव बालाघाटाच्या रांगेत आहे. रानात मुरूम असतो, काळे दगड असतात, तांबूस खडे असतात, त्यात चुनखडी शोधावी लागते. 'आई राजा उदो उदो' चाललेलं असतं, ऊन टाळूवर असतं आणि माझी आजी मला सांगत असते, "खडं पांढरंच येच. मुरमाडं नको."

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि शेजारणीसमोर हात धरला. "हे बघ, पांढरं खडं आणलं चुन्याच्या रानातनं."

दोन्ही वाक्यांत शब्द तेच, खडे आणि पांढरे. रानात ती 'खडे पांढरे' म्हणाली, घरी 'पांढरे खडे' म्हणाली. रानात अनेक रंगांचे खडे होते आणि त्यांतून एक जात निवडायची होती. घरी निवड संपली होती. हातात होते ते सगळे पांढरेच, रंग आता फक्त त्यांच्या सोबत चालत होता. आजीला व्याकरण शिकवलेलं नव्हतं. पण विशेषण नामाच्या अलीकडे ठेवावं की पलीकडे, हा प्रश्न तिनं एका दिवसात दोन वेळा अचूक सोडवला. मला ते कळलं फार नंतर, स्पॅनिश शिकायला बसलो तेव्हा.

स्पॅनिशमध्ये विशेषणाची नेहमीची जागा नामानंतरची. पांढरं घर म्हणजे 'कासा ब्लांका', शब्दशः 'घर पांढरं'. मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहराचं नाव हेच. 'कोस्टा रिका' म्हणजे 'किनारा संपन्न', 'सिएरा नेवादा' म्हणजे 'डोंगररांग हिमाच्छादित', 'रिओ ग्रांदे' म्हणजे 'नदी मोठी'. मग नकाशावर बोट फिरवता फिरवता 'ब्वेनोस आइरेस' येतं आणि माणूस थांबतो. 'ब्वेनोस' म्हणजे चांगले आणि 'आइरेस' म्हणजे वारे. इथे विशेषण आधी आलं. नियम मोडला का?

मोडला नाही. स्पॅनिशला दोन्ही जागा हव्या असतात, कारण दोन जागांना ती दोन वेगळी कामं देते. हे सगळ्यांत नेटकेपणानं मांडलं ते आंद्रेस बेल्यो या पंडितानं. जन्म व्हेनेझुएलातला, पण आयुष्याचा मोठा भाग चिलीत गेला. 1847 साली त्याचं स्पॅनिशचं व्याकरण आलं आणि ते त्यानं मुद्दाम अमेरिका खंडातल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलं होतं. त्यातली मेंढरांची जोडी मला फार आवडते. 'लास मान्सास ओवेहास', म्हणजे 'गरीब मेंढ्या'. मेंढी स्वभावानंच गरीब, म्हणून विशेषण आधी. त्यानं मेंढ्यांची निवड होत नाही, मेंढीत मुळातच असलेला गुण फक्त वर काढून दाखवला जातो. 'लोस आनिमालेस मान्सोस', म्हणजे 'जनावरं गरीब'. इथे विशेषण नंतर, कारण जनावरं सगळीच गरीब नसतात. वाघ, लांडगे बाजूला काढले आणि उरलेल्यांविषयी बोललो.

बेल्योची मेंढरं वाचताना मला चुन्याचं रान दिसलं. 'पांढरा चुना' म्हणताना आपण चुना निवडत नाही, सगळा चुना पांढराच असतो. खडे मात्र निवडावे लागतात. स्पॅनिश कवी बर्फाला 'ला ब्लांका निएवे' म्हणतो, विशेषण पुढे घालून, आपण 'निळं आभाळ' म्हणतो त्याच भावनेनं. तोच माणूस बाजारात गेला की 'कामिसा ब्लांका' मागतो, सदरा पांढरा, कारण दुकानात बाकीचेही रंग असतात.

इथून पुढे गोष्ट आणखी खोल जाते. जागा बदलली की काही विशेषणांचा अर्थच बदलतो. 'ओंब्रे' म्हणजे माणूस. 'ओंब्रे ग्रांदे' म्हणजे अंगापिंडानं मोठा माणूस. तेच विशेषण पुढे आणलं की त्याचं शेपूट तुटतं, 'ग्रान ओंब्रे' होतं, आणि अर्थ होतो थोर माणूस. 'आमीगो विएहो' हा वयानं म्हातारा झालेला मित्र. 'विएहो आमीगो' हा जुना मित्र, तो पंचविशीतला असला तरी चालेल. 'ओंब्रे पोब्रे' म्हणजे ज्याच्या घरी खायला नाही तो गरीब. 'पोब्रे ओंब्रे' म्हणजे बिचारा, त्याची गिरणी असली तरी. 'कोचे नुएव्हो' म्हणजे शोरूममधून निघालेली कोरी गाडी, 'नुएव्हो कोचे' म्हणजे आपल्याकडे नव्यानं आलेली गाडी, मग ती दहा वर्षं वापरलेली असो. 'नोतिसिया सिएर्ता' ही खरी बातमी, 'सिएर्ता नोतिसिया' ही कुठलीशी बातमी.

मराठी बाजूला काय घडलं ते आता पाहा. वरच्या प्रत्येक जोडीचं भाषांतर करताना मला दोन वेगळे शब्द सापडले. थोर आणि मोठा. जुना आणि म्हातारा. बिचारा आणि गरीब. नवी आणि कोरी. खरी आणि कुठलीशी. जे काम स्पॅनिश एका शब्दाच्या दोन जागांवरून करून घेते, ते मराठी दोन शब्द पाळून करते. म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसानं नियमांचं कोष्टक पाठ करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असं मला मनापासून वाटतं. मनात 'थोर' आलाय की 'मोठा', 'जुना' आलाय की 'म्हातारा'? मन लावायचं, मोजायचं, माया करायची विशेषणं नामाच्या पुढे जातात. डोळ्यांनी पाहून, हातानं चाचपून ठरवता येतील अशी मागे राहतात. बहुतेक वेळा हा कान पुरतो. उरलेल्या ठिकाणी थोडी सक्ती आहे. देश, धर्म, शास्त्र यांची विशेषणं मागेच येतात, अर्जेंटिनाचं प्रजासत्ताक 'रेपुब्लिका आर्खेंतिना' असतं आणि सौरऊर्जा 'एनेर्हिआ सोलार'. संख्या आपल्यासारखीच पुढे. 'ब्वेनो' हा शब्द एकवचनी पुल्लिंगी नामाआधी आला की 'ब्वेन' होतो.

लिंग-वचनाच्या बाबतीत तर मराठी माणसाला स्पॅनिश माहेरासारखी वाटावी. इंग्रजी विशेषण कुणापुढे झुकत नाही, घोडा असो की घोडी. आपण पांढरा घोडा, पांढरी घोडी, पांढरे घोडे, पांढऱ्या घोड्या म्हणतो. स्पॅनिश ब्लांको, ब्लांका, ब्लांकोस, ब्लांकास म्हणते. नपुंसकलिंग तिच्याकडे नाही, तेवढं ओझं आपल्याकडे जास्त. या मेळाकडे दुर्लक्ष झालं की केवढी चूक पसरते, याचं एक उदाहरण आपल्या राजधानीचंच आहे. मुंबईचं इंग्रजी नाव पोर्तुगीज 'बॉम बाहिया', म्हणजे 'चांगला उपसागर' यावरून आलं, असं अजूनही सांगितलं जातं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यात 'बाहिया' स्त्रीलिंगी आहे आणि 'बॉम' पुल्लिंगी. पोर्तुगीज खलाशी 'बोआ बाहिया' म्हणाला असता. 'चांगला खाडी' असं आपल्यातलं कुणी म्हणेल का? नाव मुंबादेवीचं आहे आणि एका विशेषणाचं लिंग तिच्या बाजूनं साक्ष देतं.

आता मराठीकडे जरा सावकाश पाहू. आपल्या व्याकरणात नामाआधीच्या विशेषणाला अधिविशेषण म्हणतात आणि नामानंतर येणाऱ्याला विधिविशेषण. शाळेत हे दोन शब्द पाठ करून विसरले जातात, कारण उदाहरणं निर्जीव असतात. त्यांना जिवंत पाहायचं तर येरमाळ्याच्या फाट्यावर चहाच्या टपरीशी उभं राहावं. सोलापूरकडून बीडकडे जाणारी वाहनं तिथे थांबतात. "गरम चहा द्या" आणि "चहा गरम द्या" ही दोन वाक्यं दिवसभर ऐकू येतात. पहिल्यात माणसाला चहा हवाय. दुसऱ्यात चहा मिळणार हे ठरलेलं आहे, तो कोमट देऊ नका एवढं बजावायचं आहे. "भाकरी पातळ थापा", "साडी हिरवी दाखवा", यात्रेत कासाराकडे हात पुढे करून "बांगड्या हिरव्या भरा". दुकान, चूल, बाजार, जिथे निवड करायची तिथे मराठी विशेषण मुकाट्यानं नामाच्या पलीकडे जाऊन बसतं. बेल्योनं स्पॅनिशमध्ये पाहिलेली तीच ओढ, निवडणारं विशेषण नंतर येतं.

तरीही दोन्ही भाषा एकच आहेत असं म्हणून पुढे जाणं खोटं ठरेल. एक साधी परीक्षा आहे. वाक्याला विभक्ती लावून पाहा. "पांढऱ्या खड्यांना पाणी लाव" हे सरळ मराठी. "खड्यांना पांढऱ्या पाणी लाव" कुणी म्हणणार नाही. ओवीत, गाण्यात चालेल, तिथे 'सावळा' विठ्ठलाच्या कुठल्याही बाजूला उभा राहतो. बोलण्यात चालत नाही. म्हणजे 'खडे पांढरे वेच' यातला 'पांढरे' नामाला पूर्ण बांधलेला नाही, त्याचा एक हात क्रियापदाच्या हातात आहे. वेचायचे कसे, तर पांढरे. स्पॅनिश 'पिएद्रास ब्लांकास' मात्र एकाच गाठीत बांधलेलं असतं. त्या जोडीला कुठल्याही वाक्यात, कुठल्याही शब्दयोगी अव्ययामागे बसवा, ती सुटत नाही.

मग नामानंतर घट्ट बांधलेलं विशेषण मराठी माणसाला अगदीच परकं का? मी या प्रश्नापाशी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर सातबाऱ्यावर होतं.

मौजे येरमाळा, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव. हे 'मौजे' काय आहे? मूळ शब्द 'मौजा', म्हणजे गाव. फारसीत नामाला विशेषण किंवा दुसरं नाव जोडायचं तर नाम आधी, मग एक बारीक 'ए', मग जोडायचा शब्द. या 'ए'ला इजाफत म्हणतात. 'मुघल-ए-आझम' या 1960 सालच्या चित्रपटाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. 'आझम' म्हणजे थोर, ते विशेषण 'मुघल'च्या नंतर. 'कोह-ए-नूर' म्हणजे प्रकाशाचा पर्वत, आपण त्याचा कोहिनूर केला. 'गुल-ए-बकावली'ची गुलेबकावली केली. 'मौजा-ए-अमुक' याचं 'मौजे अमुक' झालं, 'कसबा-ए'चं 'कसबे', 'किला-ए'चं 'किल्ले'. किल्ले परंडा, किल्ले नळदुर्ग म्हणताना जिभेवर येणारा तो 'ए' फारसी इजाफतीचा आहे, असं मानायला मला चांगला आधार दिसतो. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, आणि मराठवाड्यापुरतं बोलायचं तर 1948 च्या सप्टेंबरापर्यंतची हैदराबादची राजवट. शेकडो वर्षं महसुलाची भाषा या वळणानं चालली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यानं फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शब्द बदलता येतात. शब्दांची रांग मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती टिकून राहते.

सगळ्यांत ठसठशीत पुरावा गावांच्या पाट्यांवर आहे. बुद्रुक आणि खुर्द. 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, त्याचं मराठीत बुद्रुक झालं. 'खुर्द' म्हणजे लहान. ही दोन्ही फारसी विशेषणं आहेत आणि दोन्ही नामानंतर येतात. पुण्याजवळ कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द. महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात एसटीनं तासभर जा, एक तरी 'बु.' किंवा 'खु.' खिडकीतून दिसतं. मराठी स्वभावानं ठेवलेली नावं पाहा, नवेगाव, थोरला वाडा, धाकटी पंढरी. तिथे विशेषण पुढे. बुद्रुक-खुर्द मात्र मागे, आणि त्यांचं कामही नेमकं बेल्यो सांगतो तेच. एका नावाची दोन गावं आहेत, त्यांतलं कोणतं ते निवडून द्यायचं. उत्तरेत हेच काम 'खुर्द' आणि 'कलां' करतात, तेही नावानंतरच. म्हणजे जो मराठी शेतकरी आयुष्यभर आपला पत्ता 'अमुक खुर्द' असा सांगत आला, त्यानं स्पॅनिश रांगेत आयुष्य काढलं. त्याला 'रिओ ग्रांदे' शिकवायला वेळ लागू नये.

या रांगेला परकी म्हणण्याची आपल्याला सवय आहे, पण जगाचा हिशेब वेगळा आहे. भाषांच्या रचनांचा जागतिक नकाशासंग्रह पाहिला तर विशेषण नामानंतर ठेवणाऱ्या भाषा आधी ठेवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहेत. एके काळी समज होता की मराठीसारख्या, क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषा विशेषण आधीच ठेवणार. 1988 साली मॅथ्यू ड्रायर या भाषाशास्त्रज्ञानं अनेक भाषा तपासून तो समज खोडून काढला. फारसीच पाहा, क्रियापद शेवटी आणि विशेषण नामानंतर. स्पेनच्या उत्तरेला बोलली जाणारी बास्क तशीच. क्रियापदाची जागा आणि विशेषणाची जागा या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत.

जागेनं अर्थ कसा वाहून नेला जातो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण गोव्यात आहे. मांडवीच्या काठी जुने गोवे आहे, मोठमोठ्या चर्चचं. पोर्तुगिजांची ती राजधानी. 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली आणि तिला 'नोव्हा गोवा', म्हणजे 'नवे गोवे' हे नाव मिळालं. जुन्या राजधानीला ते 'वेल्हा गोवा' म्हणत. 'वेल्हा' म्हणजे जुनी, विशेषण पुढे. आता तिथून दक्षिणेला, त्याच तिसवाडी तालुक्यात, जुवारीच्या काठाकडे या. रस्त्याच्या पाटीवर 'गोवा वेल्हा' लिहिलेलं असतं. विशेषण मागे. ही दोन वेगळी गावं आहेत. गोवा वेल्हा म्हणजे कदंबांचं गोपकपट्टण, मांडवीवरचं शहर वाढायच्या आधीचं बंदर. पोर्तुगीज आले तेव्हाच ते जुनं झालेलं होतं. मग त्यांची स्वतःची राजधानी जुनी झाली, तिलाही 'जुनी' म्हणायची वेळ आली आणि दोन जुन्या गोव्यांमध्ये फरक करायला त्यांच्या भाषेला दुसरा शब्द लागला नाही. तोच शब्द उचलून नावाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. पर्यटक आजही एकाच्या जागी दुसरीकडे पोचतात आणि चर्च कुठे म्हणून विचारतात.

येरमाळ्यात देवीला लाडानं येडाई म्हणतात. येडी आई, येडाई. सांगितली जाते ती कथा अशी. सीतेच्या शोधात राम वणवण फिरत होता. पार्वतीला त्याची परीक्षा घ्यावीशी वाटली आणि ती सीतेचं रूप घेऊन पुढे आली. रामानं ओळखलं. 'तू का आई?' म्हणाला, त्यावरून तुळजापूरची तुकाई झाली, आणि 'आई, तू वेडी का झालीस' या बोलावरून येरमाळ्याची येडाई. शब्दाची व्युत्पत्ती खरी असो की रचलेली, भक्तांच्या तोंडी हा अर्थ पक्का आहे.

या नावाशेजारी मला स्पेनच्या एका राणीचं नाव ठेवावंसं वाटतं. कोलंबसाला जहाजं देणाऱ्या इसाबेल आणि फर्नांदो यांची ती मुलगी, हुआना. आईबापांना 'रेयेस कातोलिकोस', 'राजे कॅथलिक' म्हणत, विशेषण मागे. मुलीला 'हुआना ला लोका' म्हणत, हुआना, ती वेडी. 1509 पासून 1555 साली मरेपर्यंत तिला तोर्देसिल्यासच्या वाड्यात कोंडून ठेवलेलं होतं. राज्याची वारस तीच होती, राज्य आधी बापानं आणि मग मुलानं केलं. ती खरंच वेडी होती की तिला वेडी ठरवणं सोयीचं होतं, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. तिचं विशेषण नावामागे आलं, चिठ्ठी चिकटवल्यासारखं. अनेक हुआनांमधली ही वेडी हुआना, असं तिला बाकीच्यांतून वेगळं काढलं गेलं.

येडाईचं विशेषण पुढे आलं आणि नामात विरघळून गेलं. आता ते वेगळं काढता येत नाही. आमराईत पालखी टेकते तेव्हा बाया तिच्यापुढे वाकतात, पदरातले पांढरे खडे कपाळाला लावतात आणि हाक मारतात, येडाई.